तिसऱ्या पात्रावर न झालेली सही

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे संस्थापक आदरणीय ललितशेठ ओस्तवाल; परदेशी परतण्याचा दिवस केवळ या कार्यक्रमासाठी पुढे ढकलून इथे आलेल्या प्रमुख पाहुण्या डॉ. मोहिनी देवस्थळी; व्यासपीठावर बसायला नको नको म्हणत अखेर खुर्चीच्या कडेवर बसलेले श्री. चिमाजी विधाते, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या आजच्या सत्कारमूर्ती सौ. मालनबाई विधाते, त्यांची मुलं, सुना, नातवंडं, मखमलाबादहून टेम्पो करून आलेली त्यांची भावकी, आणि सातपूरच्या या वसाहतीत माझ्यासोबत वर्षानुवर्षं घाम गाळणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो,

सर्वांना माझा नमस्कार.

मी निवृत्ती आव्हाड, राहणार सिन्नर, या कारखान्यात आर्गन वेल्डर. परवा पत्रिकेत ‘निवृत्ती’ हा शब्द दोनदा छापलेला पाहून माझ्या बायकोनं विचारलं, ‘अहो, निवृत्त नक्की कोण होतंय?’ म्हणून आधीच खुलासा करतो. निवृत्ती मी, निवृत्त मालनबाई. माझी अजून नऊ वर्षं शिल्लक आहेत. शेठ, तुम्ही ऐकताय ना?

हसलात, बरं वाटलं. कारण पुढे जे सांगायचं आहे ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

व्यवस्थापनाकडून भाषणासाठी दुसरं नाव सुचवलं गेलं होतं. जास्त शिकलेलं, इंग्रजी येणारं. मी स्वतः शेठच्या केबिनमध्ये जाऊन म्हणालो, ‘बोलू द्या मला.’ शेठनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘काय बोलणार आहेस?’ मी म्हणालो, ‘तिसऱ्या पात्राचं.’ त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, ‘बाईंना विचार. त्या हो म्हणाल्या तर बोल.’ मी बाईंना विचारलं. त्या काय म्हणाल्या ते ओघात येईलच.

मंडळी, मालनबाई या कारखान्यात आल्या एक्याण्णव साली. वय एक्केचाळीस, शिक्षण सातवी. घरचा झेंडूचा आणि भाजीपाल्याचा मळा. दोन वर्षं विहिरीनं तळ दाखवला, म्हणून घरातल्या एकानं बाहेर काम धरायचं ठरलं. चिमाजीराव मळा सोडायला तयार नव्हते, म्हणून बाई निघाल्या. त्यांना काम मिळालं सफाई विभागात. आता सफाई म्हटलं की डोळ्यांसमोर झाडू येतो. पण आपल्याकडे जी भांडी बनतात त्यांत द्रवरूप नायट्रोजन, द्रवरूप ऑक्सिजन असली अतिथंड द्रव्यं भरतात. त्यांना तेलाचा एक डाग, बोटाचा एक ठसा चालत नाही. पांढरे हातमोजे घालून, कपडा द्रावणात भिजवून, एकेक तुकडा पुसायचा. बाई ते काम असं करायच्या, की पुसलेला तुकडा हातात घेताना मला माझ्याच हातांची लाज वाटायची.

त्र्याण्णव साली शेठनी हेलियमवर चालणारं गळती शोधायचं यंत्र घेतलं. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भांड्याच्या आतली सगळी हवा हे यंत्र ओढून घेतं. मग बाहेरून, जिथे जिथे जोड आहे तिथे, बारीक नळीनं हेलियम वायू सोडायचा. कुठे डोळ्याला न दिसणारं छिद्र असेल तर हेलियम आत शिरतो आणि यंत्राची सुई हलते. इतकं सोपं. आणि तरीही पहिल्याच मोठ्या भांड्यात गळती आहे हे कळूनसुद्धा ती कुठे आहे हे आम्हा तिघा-चौघांना चार दिवस सापडेना.

पाचव्या दिवशी बाई पुसायचे तुकडे न्यायला आल्या, जरा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘रागवू नका, पण तुम्ही लय घाई करताय.’

मी म्हणालो, ‘बाई, हे यंत्र आहे. लगेच दाखवतं.’

‘यंत्र लगेच दाखवत आसंल. पण हवेला आतून तिथवर जायला येळ लागंल का नाय? मोटार सुरू केली म्हणून शेवटच्या वाफ्याला लगेच पाणी येत नाय.’

त्यांनी नळी हातात घेतली. हेलियम हलका, वर चढतो, म्हणून वरून सुरुवात करायची, एवढं त्यांनी आमचं पाहून शिकलं होतं. प्रत्येक जोडावर नळी धरायची आणि मनात वीस अंक मोजायचे. मग बोटभर खाली. पुन्हा वीस. जेवणाची सुट्टी झाली, सगळे डबे उघडून बसले, बाई तिथेच. दोनच्या सुमारास सुई हलली. खडूनं खूण केली. आम्ही त्या जागेवरून आधी पन्नास वेळा गेलो होतो.

पुढच्या महिन्यापासून गळती तपासणी मालनबाईंकडे आली. आणि माझ्या आयुष्यातला सुखाचा काळ संपला.

हसू नका. खरं सांगतो. त्याआधी मी या वसाहतीतला नावाजलेला वेल्डर होतो. अॅल्युमिनियमची पातळ नळी जोडायची म्हटलं की शेजारच्या कारखान्यातूनही मला बोलावणं यायचं. माझ्या जोडावर माशाच्या खवल्यांसारख्या सारख्या अंतरानं लहरी पडतात, हे पाहायला लोक यायचे. आणि आता ही सातवी शिकलेली बाई त्या जोडावर खडूनं गोल काढायची. तोंडानं काही बोलायची नाही. गोल काढायची आणि वहीत लिहायची. वही मराठीत. ‘डाव्या अंगाच्या नळीपाशी सुई हलली.’ किंवा ‘सुई जागची हलली नाही.’ एवढंच. पहिली दोन वर्षं मी त्यांच्याशी धड बोललो नाही. आज जाहीरपणे कबूल करतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. अध्यक्ष महाराज, वेळेची चिठ्ठी पाठवू नका, ही गोष्ट अर्धवट सांगण्यासारखी नाही.

दोन हजार चार साली आपल्याकडे युरोपातल्या एका प्रयोगशाळेचं काम आलं. त्या प्रयोगशाळेच्या वतीनं आल्या डॉ. मोहिनीताई. जीन पँट, खांद्याला पिशवी, आणि बोलणं अस्सल मराठी. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्या कामगारांना एकत्र बसवलं. म्हणाल्या, ‘तुम्ही काय बनवताय हे तुम्हाला माहीत पाहिजे.’ एवढ्या वर्षांत असं म्हणणारं गिऱ्हाईक आम्ही पाहिलं नव्हतं.

त्यांनी सांगितलं ते मला जसं समजलं तसं सांगतो. ताई, चुकलं तर तिथूनच खूण करा. अणूहून लहान कणांचा एक थवा असतो. तो जन्मतो तेव्हा विस्कटलेला असतो, कुणी इकडे कुणी तिकडे. त्याचा नीट उपयोग करायचा तर तो दाटीनं, सरळ एका दिशेनं जायला हवा. म्हणून त्याला द्रवरूप हायड्रोजनमधून पाठवतात. तिथे प्रत्येक कणाचा वेग कमी होतो, पुढचाही आणि आडवाही. मग विजेच्या जोरानं त्याला फक्त पुढच्या दिशेनं ढकलतात. असं पुन्हा पुन्हा केलं की आडवेपणा विरत जातो आणि थवा सरळ होतो. याला ते लोक कणांचा झोत थंड करणं म्हणतात. हायड्रोजनच का? तर तो सगळ्यांत हलका, तो कणांना मंद करतो पण फारसा उधळत नाही.

बाईंनी विचारलं, ‘म्हंजे पर्वणीला रामकुंडाकडं जाणारी गर्दी पोलीस सरळ करतात, तसं?’ आदल्याच वर्षी सिंहस्थ झाला होता.

ताई म्हणाल्या, ‘जवळजवळ तसंच. फक्त आमच्याकडे या सगळ्या गर्दीला दोन निमिषही हातात नाहीत. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दुप्पट वेळात हे कण विरून जायला लागतात.’

‘आन एवढं करून उपयोग काय त्याचा?’

‘खरं सांगू का बाई? अजून पूर्ण माहीत नाही. हे असं करता येतं की नाही, हेच आधी पाहायचंय.’

बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, ‘उपयोग ठावा नसताना एवढं मन लावताय. मग आपून बी नीटच केलं पायजे.’

आपल्याला करायची होती तीन पात्रं. अॅल्युमिनियमची, प्रत्येकात वीस-बावीस लिटर हायड्रोजन मावेल अशी. दोन्ही बाजूंना कणांनी आरपार जायच्या खिडक्या, मध्यभागी पोस्टकार्डाहून पातळ. त्या त्यांनी तिकडेच करून आणल्या होत्या. पात्राचं अंग आपण कोरायचं, नळ्या आपण जोडायच्या, तपासून आपण द्यायचं. आत तापमान शून्याखाली दोनशे त्रेपन्न अंश. आणि हायड्रोजन हा काय प्रकार आहे हे वेगळं सांगायला नको. तो गळून हवेत मिसळला तर एवढीशी ठिणगी पुरते. ज्या खोलीत हे पात्र बसणार होतं तिच्या आजूबाजूला दिवसभर माणसं काम करणार होती. मोहिनीताई स्वतः त्यांतल्या एक.

करारात एक नियम होता. पात्राच्या मानेवरचा, म्हणजे नळी जिथे पात्रात शिरते तिथला, जोड सदोष निघाला तर तो एकदा दुरुस्त करता येईल, आणि त्याची नोंद करायची. दुसऱ्यांदा दुरुस्ती नाही. तो तुकडा बाद, नवीन कोरायचा. कारण तीच जागा पुन्हा पुन्हा वितळवली की धातूचं बळ जातं. एक अंग कोरायला पाच आठवडे लागत.

पहिलं पात्र झालं. सुई जागची हलली नाही. दुसरं झालं. सुई जागची हलली नाही. मी हवेत होतो.

फेब्रुवारी दोन हजार पाच. तिसरं पात्र. मानेच्या जोडात एक बारीक पोकळी आली. मी ती दुरुस्त केली, नोंद केली. मोहिनीताईंनी नोंदीवर सही केली. इथवर सगळं नियमानं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना मी भिंगातून पुन्हा पाहिलं, तर दुरुस्तीच्या कडेला सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका.

मंडळी, तेव्हा माझ्या मनात काय आलं हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. जहाजाची तारीख ठरली होती हे खरं. शेठच्या मागे तगादा होता हेही खरं. पण मला त्या क्षणी त्यातलं काही आठवलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की निवृत्ती आव्हाडच्या हातचं पात्र बाद झालं असं सगळी वसाहत म्हणेल. मी दार लोटलं. आर्गन सुरू केला. ठिपका वितळवला, वरून नवा थर दिला, ब्रशनं घासून सारखा केला. दहा मिनिटांचं काम. नोंद केली नाही. मग हात धुऊन डबा खाल्ला. भाजी कसली होती ते आजही आठवत नाही.

पात्र तपासणीला गेलं. आधी साध्या तापमानाला. पास. मग करारात होतं त्याप्रमाणे द्रवरूप नायट्रोजननं एकदा थंड केलं, पुन्हा साध्या तापमानाला आणलं, पुन्हा तपासलं. पास. मोहिनीताईंनी कागद तयार केले. पेटी आली, सुतार आला, भुशाची पोती आली. राहिली फक्त बाईंची सही.

बाई म्हणाल्या, ‘मी सही करणार नाय.’

शेठच्या केबिनमध्ये सगळे जमले. मीही होतो. शेठ म्हणाले, ‘बाई, दोन्ही तपासण्या पास आहेत. तुमच्याच वहीत तसं लिहिलंय.’

‘लिवलंय. पण दुसऱ्या येळी नळी मानेपाशी धरली तवा सुई हलली. केसाएवढी. आन परत जागेवर आली.’

मी म्हणालो, ‘खोलीत हेलियम साठला असेल. सिलिंडरचा वाल्व गळत असेल.’ हे बोलताना माझा आवाज स्थिर होता. तो कसा स्थिर राहिला याचं मला आजही नवल वाटतं.

बाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, ‘वाल्व बंद करून पाह्यला. खिडक्या उघडून अर्धा तास थांबले. सिलिंडर बाहेर नेऊन ठेवला. मग परत धरलं. तवा नाय हलली. एकदा हलली ती कशानं, ते मला कळंना. कळल्याबिगर सही करायची नाय.’

शेठ चिडले. चिडणार नाहीत तर काय? ‘करारात आहे तेवढं आपण केलं. घेणाऱ्यांना मान्य आहे. मग तुमचं काय अडलं?’

बाई मोहिनीताईंकडे वळल्या. ‘ताई, हे भांडं जिथं बसंल तिथं तुमी उभ्या ऱ्हानार ना?’

ताई म्हणाल्या, ‘हो.’

‘मग थंड असतानाच तपासून बघू. धातू थंडीनं आकसतो. गरम झाल्यावर भेग मिटत आसंल तर आपल्याला कशी दिसायची?’

ताईंनी हातातले कागद टेबलावर ठेवले. म्हणाल्या, ‘ललितजी, बाई म्हणतात ते बरोबर आहे. करारात हे लिहायला हवं होतं. लिहिलं नाही ही चूक आमची.’

शेठ, तुमच्याबद्दलही इथे सांगायला हवं. तुम्ही फोन उचलून पेटीवाल्याला परत पाठवलंत. तोंडानं बरंच काही बोललात, ते इथे सांगण्यासारखं नाही, पण पेटीवाल्याला परत पाठवलंत.

तशी तपासणी करायची तर मोठी मांडणी लागते. पात्र निर्वात टाकीत बसवायचं, पात्रात हेलियम भरायचा, पात्राभोवती तांब्याची नळी गुंडाळून तिच्यातून द्रवरूप नायट्रोजन खेळवायचा, आणि पात्र थंड होत जाताना यंत्राची सुई पाहत राहायचं. त्या मांडणीला दोन दिवस लागले. तांब्याची नळी गुंडाळली मी. माझ्याच हातांनी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुट्टी झाल्यावर मी मोटारसायकल काढायला स्टँडकडे निघालो. बाई तिथे उभ्या होत्या. त्यांची बस निघून गेली होती, म्हणजे त्या माझ्यासाठीच थांबल्या होत्या.

‘निवृत्तीभाऊ, मी भिंगातून मान पाह्यली.’

मी किल्ली लावायला खाली वाकलो.

‘तुमचे खवले मला ठावे हायेत. बारा वर्षं तपासते मी ते. तिथं दोनदा पडलेत.’

मी म्हणालो, ‘एकदाची नोंद आहे, बाई.’

‘एकदाची हाय. मी दुसऱ्यांदाचं म्हणते.’ त्यांनी पदर खोचला. ‘उद्या सुई हलली तर मी सुईचं सांगीन. ते माझं काम हाय. जोडाचं मी कुनाला सांगनार नाय. ते तुमचं तुमी ठरवा.’

एवढं बोलून त्या रस्त्याला लागल्या, रिक्षा बघायला. त्यांनी मला धमकावलं असतं तर मला बरं वाटलं असतं. चार शब्द सुनावले असते तरी मी उलटून बोललो असतो. त्यांनी ते माझ्यावर सोडलं. सिन्नरला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात तेच चाललेलं. सुई हलली नाही तर? हलू नये, असं मला वाटत होतं का? हो, वाटत होतं. माणूस स्वतःपुरता किती हिशेबी विचार करतो ते मला त्या दिवशी कळलं.

सकाळी दहाला नायट्रोजन सोडला. शेठ, ताई आणि मी काचेपाशी. बाई यंत्रासमोर स्टुलावर, मांडीवर वही. शून्य. उणे पन्नास. उणे शंभर. सुई जागची हललेली नाही. शेठ घड्याळाकडे पाहत होते. उणे एकशे तीसला सुई उचलली. आधी केसाएवढी, मग बोटभर. मग ती खाली आलीच नाही. यंत्राची शिट्टी वाजायला लागली आणि बाईंनी हात पुढे करून ती बंद केली.

ताईंच्या तोंडावरचा रंग गेला होता. हे पात्र उणे दोनशे त्रेपन्नला, हायड्रोजन भरून, त्यांच्यापासून चार पावलांवर असणार होतं.

शेठ म्हणाले, ‘धातू खराब होता का? की दुसरं काही?’

बाई वहीत लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मी म्हणालो, ‘शेठ, जोड मी दोनदा दुरुस्त केला. दुसऱ्या वेळी नोंद केली नाही.’

आजवर हे वाक्य फक्त चौघांनी ऐकलं होतं, आणि त्यातले तिघे या व्यासपीठावर बसलेत. चौथा मी. आता तुम्ही सगळ्यांनी ऐकलं.

शेठ ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपं होतं. म्हणाले, ‘निवृत्ती, तू उद्यापासून या कामावर नाहीस. मी पुण्याहून माणूस आणतो.’ मला ते मान्य होतं. मी हातमोजे काढून टेबलावर ठेवलेसुद्धा.

तेव्हा बाई स्टुलावरून उठल्या. ‘शेठ, पुन्याचा मानूस येईल, त्याला हे भांडं समजायला महिना जाईल. कुठं बिघडतं ते यांना आता ठावं झालंय. यांनीच जोडावं.’

‘आणि याच्यावर विश्वास कुणी ठेवायचा?’

‘इस्वास कशाला ठेवायचा? तपासायला मी हाय ना.’

मंडळी, मला आयुष्यात पुष्कळ लोकांनी चांगलं म्हटलं आहे. पण हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. यात माझी तरफदारी नाही, माझ्यावर दया नाही. काम तुम्ही करा, तपासायला मी आहे. बस.

नवं अंग कोरलं. पाच आठवडे. मोहिनीताईंनी तिकडे जे घडलं ते जसंच्या तसं कळवलं. आपला उशीर त्यांनी मान्य केला आणि पुढच्या सगळ्या पात्रांच्या नियमांत थंड अवस्थेतली तपासणी घातली. ताई मघाशी मला सांगत होत्या, की तिकडे त्या तपासणीला कागदोपत्री लांबलचक नाव आहे, पण जुनी माणसं आपसांत तिला ‘मालन टेस्ट’ म्हणतात. गोऱ्या लोकांना ‘ळ’ येत नाही, बरं झालं बाईंच्या नावात ‘ळ’ नाही.

नव्या पात्राचा मानेचा जोड मी घातला त्या दिवशी बाई मुद्दाम समोर येऊन बसल्या नाहीत. त्या आपल्या खोलीत तुकडे पुसत होत्या. जोड एका दमात झाला, दुरुस्ती लागली नाही. मग बाईंनी तो तपासला. साधा, थंड, पुन्हा साधा, पुन्हा थंड. तीन दिवस. वहीत लिहिलं, ‘सुई जागची हलली नाही.’ आणि खाली सही केली, मालनबाई चिमाजी विधाते. पात्राच्या प्रमाणपत्राबरोबर मराठी वहीच्या पानाची प्रत परदेशी गेली, ताईंच्या भाषांतरासह.

दोन हजार सात साली एका सकाळी फोन आला. ताईंनी बाईंनाच मागितलं. बाईंनी फोन स्पीकरवर टाकायला सांगितला, ‘सगळ्यांचं काम हाय, सगळ्यांनी ऐका.’ ताई म्हणाल्या, ‘बाई, तीन आठवडे झाले हायड्रोजन भरून. तिन्ही पात्रं शांत आहेत. मोजता येईल इतकीही गळती नाही. मी त्याच्या शेजारीच बसून बोलते आहे.’

बाई म्हणाल्या, ‘जेवलात का?’

मग त्या आत गेल्या आणि बराच वेळ हातमोजे शोधत राहिल्या. हातमोजे त्यांच्या हातातच होते. आणि मित्रहो, त्या दिवशी आमची छाती किती फुगली होती म्हणून सांगू? सातपूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, चहाचा डाग पडलेल्या टेबलाशी उभं राहून आम्ही ऐकत होतो, की जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांचा प्रयोग आपल्या हातच्या भांड्यात चालला आहे. चिमाजीरावांनी दुसऱ्या दिवशी पाटीभर झेंडू पाठवला. आम्ही तो यंत्राला वाहिला, शिल्लक होता तो एकमेकांच्या खिशाला लावला.

तर मी बाईंना विचारायला गेलो, हे सगळं बोलू का म्हणून. त्या म्हणाल्या, ‘बोला. पन नुसतं माझं गोड गोड बोलू नका. तुमचं बी खरं सांगा, नवी पोरं ऐकतील.’ म्हणून सांगितलं. जे नवे वेल्डर मागच्या रांगेत बसलेत, त्यांना एवढंच सांगतो, की त्या दहा मिनिटांनंतर मी एकही जोड नोंदीशिवाय पुन्हा वितळवलेला नाही. आणि माझे जोड त्यानंतर जास्त चांगले झाले. कारण ते कुणाला दाखवायला मी घालत नाही.

आणि हेही ऐका, म्हणजे बाईंनी शेवटच्या दिवसांत सवलत दिली असं कुणाला वाटायला नको. मागच्या आठवड्यात गुरुवारी, निरोपाला नऊ दिवस उरले असताना, त्यांनी माझा एक जोड नापास केला. खडूनं गोल काढला आणि वहीत लिहिलं. मी तो दुरुस्त केला, नोंद केली. आज सकाळी, नवी पैठणी नेसून, वर कामाचा डगला चढवून बाई तपासणीच्या खोलीत आल्या. घरच्यांना वाटलं, सामान न्यायला आल्या असतील. त्यांनी नळी घेतली. वरून सुरुवात केली. प्रत्येक जागेवर वीस अंक. मी समोर उभा होतो. शेवटी त्या म्हणाल्या, ‘निवृत्तीभाऊ, सुई जागची हलली नाय.’ आणि सही केली.

या कारखान्यातली त्यांची शेवटची सही माझ्या जोडावर आहे. यापुढे मला काय मान मिळायचा तो मिळो, मला हा पुरेसा आहे.

मालनबाई, तुम्हाला आणि चिमाजीरावांना निरोगी, निवांत आयुष्य लाभो. मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे, एवढं अंतर पार करून आल्याबद्दल मोहिनीताईंचे, आणि उन्हातान्हाचं इतकं शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. मी बोलणारा माणूस नाही, जोडणारा आहे. एखादं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाला एखादा शब्द लागला असेल, मान देण्यात कुठे कमी-जास्त झालं असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या.

नमस्कार.